सामान्य माणसाने अटक करायची तर: अटी, मुदत आणि कागदपत्रं

सोसायटीत चोर सापडतो, चार जण त्याला धरून वॉचमनच्या खोलीत कोंडतात आणि पोलीस आल्यावर त्या चौघांनाच जबाब द्यावा लागतो. हे टाळायचं असेल तर कलम 40 आधी समजून घ्या.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं हे कलम 1 जुलै 2024 पासून लागू आहे. पूर्वी तेच फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 43 होतं. पोलीस नसलेल्या कोणालाही त्यानुसार अटक करता येते. वॉचमनला गणवेशामुळे जादा अधिकार मिळत नाही. प्रसंग दोनच: तुमच्यासमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा घडला पाहिजे, किंवा तो माणूस न्यायालयाने फरारी घोषित केलेला पाहिजे.

लोक अडकतात ते पहिल्या अटीत, कारण गुन्हा एकाच वेळी दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो. सोनसाखळी खेचणं, घरात शिरून चोरी, विनयभंग हे तसे गुन्हे आहेत. हाणामारीतली साधी दुखापत यात बसत नाही. निष्काळजीपणे गाडी चालवून अपघात करणं दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. म्हणून ड्रायव्हरला कोंडू नका. गाडीचा नंबर टिपा आणि जखमीला दवाखान्यात न्या.

दुकानदारांनो, तुमच्यासाठी नियम बदललाय. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याचा गुन्हा आता अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला जातो. हा पहिलटकर की सराईत, हे गल्ल्यावर बसून कसं कळणार? कायदा करणाऱ्यांनी दुकानदाराचा विचारच केलेला दिसत नाही. अशा वेळी आपला माल परत घ्या, 112 ला फोन करा, पण माणसाला डांबून ठेवू नका.

'तुमच्यासमोर' म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत. शेजारणीने सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला, एवढ्यावर कोणाला धरू नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. सगळं अफवेवरून.

आता मुदत. 'सहा तास' हे शब्द लोक हमखास चुकीचे वाचतात. विनाकारण उशीर न करता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं आहे. म्हणजे ठाणं दहा मिनिटांवर असताना तुम्ही चार तास चौकशी करत बसलात, तर तो उशीरच. त्या वेळात मारहाण, कबुलीजबाब लिहून घेणं, भरपाईचे पैसे उकळणं यातलं काहीही करू नका. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हातातलं हत्यार काढून घ्यायला हरकत नाही. खिसे तपासणं पोलिसांवर सोडा. बाई असेल तर बायकांनाच पुढे होऊ द्या. अल्पवयीन वाटला तर तसं पोलिसांना पहिल्याच फोनवर सांगा.

अटकेसाठी कुठला फॉर्म नाही आणि ओळखपत्राची अटही नाही. तरी धरल्याची वेळ, जागा, साक्षीदारांची नावं-नंबर लगेच लिहून ठेवा. ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा आणि नोंदीचा क्रमांक व वेळ मागून घ्या. 'तुम्ही जा, आम्ही बघतो' असं म्हणून वाटेला लावतात. पण सहा तास पाळल्याचा तुमच्याजवळ दुसरा पुरावा नसतो, म्हणून क्रमांक मिळाल्याशिवाय उठू नका. फिर्याद तुमची असेल तर एफआयआरची प्रत फुकट मिळते.

सगळ्यात जास्त रखडतं ते सीसीटीव्हीचं प्रमाणपत्र. फुटेज कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सोबत ते द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात: एकावर कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे बहुधा माहीतच नसतं, आणि तोवर जुन्या चित्रणावर नवं चढतं. म्हणून त्याच दिवशी मूळ चित्रण जपून ठेवायला लेखी कळवा.

दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते. शहरात ती आयुक्तालयात उपायुक्तांकडे द्या. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.