कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेज : विद्यार्थी सेवा आणि शैक्षणिक नियम

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत विद्यार्थ्याला मिळणारी मदत आणि त्याची नावनोंदणी, गुण व प्रगती ठरवणारी नियमावली. या दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की त्यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. फ्रेझ्नो येथे १९१० मध्ये सुरू झालेल्या वर्गांपासून ही परंपरा चालत आली असून आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. दोन वर्षांची असोसिएट पदवी, एखाद्या धंद्याचे प्रमाणपत्र, किंवा ६० सेमिस्टर युनिटे (म्हणजे क्रेडिट, श्रेयांक) पुरी करून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, या येथल्या मुख्य वाटा.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. कटऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही. अकरावीच्या याद्यांमध्ये होरपळलेल्या मराठी पालकाला हे फार सैल वाटते. चाळणी लागते ती आत गेल्यावर, आणि ती बहुतेक तारखांची असते.

पहिल्याच तासाला गैरहजर राहिलेल्याचे नाव प्राध्यापक काढून टाकू शकतात. प्रतीक्षा यादीतली मुले त्या जागेसाठी ‘अ‍ॅड कोड’ (विषयाला नाव घालण्याचा परवानगी-क्रमांक) मागत वर्गात बसलेली असतात. सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत विषय सोडला तर गुणपत्रिकेवर त्याची खूणही राहत नाही. ती मुदत हुकली की ‘डब्ल्यू’ (विड्रॉ, म्हणजे विषय सोडल्याची खूण) लागतो. सत्राचा साधारण तीन-चतुर्थांश भाग उलटला की विषय सोडण्याची सोयच संपते आणि जो गुण पडेल तो पदरी घ्यावा लागतो. ‘डब्ल्यू’ सरासरीत धरला जात नाही, म्हणून मुले त्याला निरुपद्रवी समजतात. ही समजूत महागात पडते. बारा युनिटांनंतर सरासरी ४ पैकी २.० च्या खाली गेली, किंवा घेतलेल्या युनिटांपैकी निम्मी ‘डब्ल्यू’, ‘अपूर्ण’ वा ‘नापास’ झाली, तर विद्यार्थी प्रोबेशनवर, म्हणजे इशाऱ्याच्या यादीत, जातो. काही कॉलेजे आता त्याला ‘अकॅडमिक नोटीस’ असे सौम्य नाव देतात.

नियमाचा चिमटा खिशालाही बसतो. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी पडते (२०१२ पासूनचा दर) आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला ‘प्रॉमिस ग्रँट’खाली तीही माफ होते. सलग दोन सत्रे प्रगती घसरली, की ही माफी जाऊ शकते. म्हणजे ज्याला घर चालवण्यासाठी रात्रपाळी करावी लागते, त्याच्याच हातून सवलत निसटण्याचा धोका जास्त.

येथेच समुपदेशकाचे काम सुरू होते. अर्ध्या तासाच्या भेटीत तो विद्यार्थ्यासमोर ‘एज्युकेशन प्लॅन’ उघडतो : एकेका सत्राचा रकाना, त्यात विषय, शेजारी युनिटे, आणि कुठला विषय कुठल्या विषयाआधी घ्यायचा याची साखळी. गणिताचा एक विषय मागे राहिला तर भौतिकशास्त्राचे दोन रकाने पुढे सरकतात, हे तेथे डोळ्यांना दिसते. १९६९ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘ईओपीएस’ योजनेत गरीब व मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकांसाठी साहाय्य मिळते आणि समुपदेशनाच्या भेटी सक्तीच्या असतात. अपंग विद्यार्थ्यांसाठी परीक्षेला जादा वेळ, सांकेतिक भाषेचे दुभाषी अशा सोयी स्वतंत्र विभाग पाहतो.

पूर्वी प्रवेशानंतर चाचणी घेऊन अनेकांना पायाभूत गणित व इंग्रजीच्या वर्गांत बसवले जाई आणि त्यातले कितीतरी तेथेच अडकून पडत. २०१७ च्या ‘एबी ७०५’ कायद्याने शाळेतले गुण ग्राह्य धरून थेट विद्यापीठ-पातळीच्या वर्गात बसवण्यावर भर दिला. तयारी कच्ची असलेल्यांचे हाल होतात, असा काही प्राध्यापकांचा आक्षेप आहे. तो अगदीच पोकळ नाही.

सेवांची व्याप्ती शिक्षणाबाहेरही गेली आहे. कॉलेजच्या आवारात शिधा देणारी ‘फूड पँट्री’ असते. २०१६ च्या कायद्यानुसार, ज्या कॉलेजात स्नानगृहे आहेत तेथे बेघर विद्यार्थ्यांना ती वापरू द्यावी लागतात. विद्यार्थ्याने मोटारीत झोपणे हा अपवाद राहिलेला नाही, याची ही कायदेशीर कबुलीच म्हणायची.

फ्रीमाँटचे ओलोनी किंवा कुपरटिनोचे डी अँझा ही नावे बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) मराठी घरांना ओळखीची आहेत. तेथील मुले शाळेत असतानाच ‘ड्युअल एनरोलमेंट’मधून कॉलेजचे विषय घेतात. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा ‘फर्पा’ कायदा आईवडिलांच्या ध्यानात येतो तो याच वेळी. कॉलेजात नाव घातल्याबरोबर तेथील नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, मग तो सोळा वर्षांचा का असेना. “बाळाला किती मार्क पडले?” असे वडिलांनी फोनवर विचारले तर कार्यालय सहसा काही सांगत नाही, मुलाची लेखी संमती मागते. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना तारखांबरोबर युनिटांचेही भान ठेवावे लागते : सत्राला १२ युनिटे हवीत. परवानगीशिवाय विषय सोडून त्याखाली गेले तर प्रश्न व्हिसाचा होतो.

जुन्या अपयशासाठी ‘अकॅडमिक रिन्यूअल’ आहे. काही काळ चांगले गुण मिळवल्यावर अर्ज केला की पूर्वीचे ‘डी’ वा ‘एफ’ सरासरीतून वगळले जातात. गुणपत्रिकेवर मात्र ते टीपेसह दिसत राहतात, आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज हाताळणारी अमेरिकी केंद्रीय व्यवस्था आपल्या हिशोबात ते पुन्हा धरते.