ल्युटेशियमला पेशीत नेणारं पेप्टाइड

ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-176 या धातूवर न्यूट्रॉनांचा मारा केला की किरणोत्सारी ल्युटेशियम-177 तयार होतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीतल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना ते दिलं जातं. अर्धायुष्य जेमतेम 6.65 दिवसांचं, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. या उपचाराची चर्चा निघाली की सगळे किरणोत्सारावरच बोलतात. मला मात्र खरी कमाल रसायनशास्त्राची वाटते.

ल्युटेशियम नुसतंच रक्तात सोडलं, तर ते हाडांत जाऊन बसतं आणि रक्तपेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेलाच मार बसतो. म्हणून आधी त्याला जखडावं लागतं. ते काम डोटा नावाचा रेणू करतो. चार नायट्रोजन असलेलं कडं, त्याला चार हात, आणि त्यातल्या एका हाताला पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, जोडलेलं. खेकडा नांगीत बोट धरतो तसा हा धातूला धरतो. पण ही पकड सहजी बसत नाही. सौम्य आम्लधर्मी द्रावणाची कुपी 90 अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास तापवावी लागते. मग क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर थेंब सोडून सुटं ल्युटेशियम किती उरलंय ते तपासतात. ते जास्त निघालं, तर कुपी रुग्णापर्यंत जाता कामा नये.

पेप्टाइड आहे ऑक्ट्रिओटेट, अवघ्या आठ अमिनो आम्लांचं. ज्याच्यावरून ते बेतलं, ते सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. विकरं त्याचे तुकडे पाडतात. म्हणून रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला, भिडणारा भाग तेवढा ठेवला आणि दोन जागी अमिनो आम्लांची आरशातली रूपं बसवली. विकरांना ती सहज तोडता येत नाहीत.

या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर दाटीने असतात. पेप्टाइड तिथे चिकटलं की पेशीचं पटल आत वळतं, त्याची पिशवी होते आणि रिसेप्टर, पेप्टाइड, धातू सगळंच आत ओढलं जातं. पेप्टाइड पुढे तुटतं, पण डोटात अडकलेला धातू बराच काळ पेशीतच राहतो. त्यातून निघणारे किरणोत्साराचे बीटा कण फार तर दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे मार मुख्यतः गाठीलाच बसतो.

मूत्रपिंडं मात्र गाळलेलं पेप्टाइड परत शोषून घेतात आणि किरणोत्साराचा मार त्यांनाही बसतो. म्हणून औषधाच्या आधीपासूनच लायसिन आणि आर्जिनिनचं सलाइन लावतात. शोषणाची वाट ही अमिनो आम्लं अडवून धरतात.

डोटात ल्युटेशियमऐवजी गॅलियम-68 बसवलं, की तेच पेप्टाइड पेट स्कॅनवर गाठी दाखवतं. त्या उजळल्याच नाहीत, तर ल्युटेशियमचा उपयोग होणार नाही, हे डोस देण्याआधीच कळतं.