मरीन ड्राइव्हवरची लाट ही गुरुत्वीय लहर नव्हे

जुलैतली उधाणाची भरती होती. मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभे होतो. लाट काँक्रीटच्या टेट्रापॉडवर आदळली, पाण्याचा पडदा उभा राहिला आणि भाचीच्या चष्म्यावर खारे थेंब साचले. ओढणीनं काचा पुसत तिनं विचारलं, "मामा, ग्रॅव्हिटी वेव्ह म्हणतात ती हीच ना? ती लायगोनं पकडली ती?"

अर्धं बरोबर होतं. समोरची लाट खरोखर ग्रॅव्हिटी वेव्ह होती. लायगोनं, म्हणजे अशा लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या जोडयंत्रानं, पकडली ती ग्रॅव्हिटेशनल वेव्ह. मराठीत घोळ आणखी वाढतो, कारण एक गुरुत्व लहर, दुसरी गुरुत्वीय लहर, आणि ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

पहिली समजायला सोपी. वारा पाणी उचलतो, गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. खाली येणारं पाणी पातळीवर थांबत नाही, झोकात आणखी खाली जातं, मग पुन्हा वर ढकललं जातं. ही वरखाली पुढे सरकत राहते, तीच लाट. हलतं ते पाणी. गुरुत्वाकर्षण फक्त बिघडलेली पातळी जागेवर आणू बघतं. डोंगरावर आपटून वर गेलेल्या हवेचंही असंच होतं, कधीकधी ढगांचे एकसारखे पट्टे पडतात ते त्यामुळेच. वेग म्हणाल तर दहा मीटर खोल पाण्यात लांब लाट ताशी साधारण 35 किलोमीटरनं जाते.

दुसरीत हलतं ते अवकाशच. आइनस्टाइननं 1916 मध्ये हे गणितानं मांडलं. प्रचंड वस्तुमानं एकमेकांभोवती गरगरली की अवकाशात ताण उठतो आणि प्रकाशाच्या वेगानं पसरतो. तो आपल्या अंगावरून जाताना एका दिशेची अंतरं किंचित वाढतात, काटकोनातली किंचित कमी होतात, पुढच्याच क्षणी उलट. तिला ना पाणी लागतं ना हवा. पृथ्वी आडवी आली तरी ती आरपार जाते.

सगळी अडचण या आरपार जाण्यातच आहे. समुद्राची लाट आपलं बळ टेट्रापॉडवर रिकामं करते, म्हणून ती दिसते, ऐकू येते, भिजवते. गुरुत्वीय लहर वाटेत जवळजवळ काहीच सोडून जात नाही. 14 सप्टेंबर 2015 ला जी सापडली ती दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघाली होती, एक सूर्याच्या सुमारे 36 पट, दुसरं 29 पट. एकत्र होऊन उरलं ते 62 पट. बाकी तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींत गेलं! आणि सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून ती पृथ्वीवर आली तेव्हा चार किलोमीटरच्या अंतरात फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या काही शतांश भागाहूनही कमी. मी हे कितीदा वाचलंय, तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

लायगोत लेसरचा झोत दुभागून काटकोनातल्या दोन चार-चार किलोमीटर लांब निर्वात नळ्यांतून पाठवतात. टोकांच्या आरशांवरून परतलेले झोत एकमेकांना खोडून काढतील असं जुळवलेलं असतं. एका बाजूची लांबी जराशी बदलली की प्रकाश झिरपतो. पण लांबी तर कशानंही बदलते. परळला रेल्वेलाइनीलगतच्या आमच्या घरात फास्ट लोकल गेली की मांडणीवरची भांडी किणकिणतात. लायगोच्या दोनपैकी लिव्हिंग्स्टन गावच्या यंत्राला आसपासची आगगाडी, झाडतोड सगळं जाणवतं. म्हणून 40 किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकात काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात. म्हणूनच दुसरं यंत्र तीन हजार किलोमीटरवर हॅनफर्डला आहे. लोकलचा हादरा दोन्हीकडे लागणार नाही. ती लहर मात्र लिव्हिंग्स्टननंतर 7 मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. उरलेल्या गोंगाटातून असा क्षीण संकेत गणितानं वेचून काढायच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकापासून मूलभूत काम केलंय. हे आपल्याकडच्या शाळांत आवर्जून सांगायला हवं.

आणि या दोन नावांची खरी गाठ पडते ती इथे. समोरासमोरून येणाऱ्या समुद्राच्या लाटा भिडल्या की तळावर दाब पडतो आणि जमिनीत काही सेकंदांचा मंद हेलकावा सुरू होतो. तो शेकडो किलोमीटर आत जातो. वादळाच्या दिवसांत त्यानं लायगोच्या आरशांची जुळणी सुटते. गुरुत्वीय लहर शोधणाऱ्यांच्या वाटेत गुरुत्व लहरच उभी राहते!

असंच यंत्र भारतातही, लायगो-इंडिया या नावानं, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होतंय. 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. समुद्रापासून चारशेहून जास्त किलोमीटर आत.

"मग ही लाट तिथवर नाही ना जाणार?" भाचीनं विचारलं.

"पाणी नाही जाणार. हेलकावा जाईल," मी म्हटलं. तिनं कठड्यावर तळहात टेकवला आणि पुढच्या लाटेची वाट बघत राहिली.