हॉट जॅझ आणि सॅक्सोफोनचे सोवळे

हॉट जॅझ म्हणजे न्यू ऑर्लिन्स-शिकागोच्या जुन्या धाटणीचे जॅझ. ते वाजवणाऱ्या आजच्या एखाद्या बँडच्या मैफलीला गेलात, तर तारांच्या बासऐवजी फुंकून वाजवायचा ट्यूबा आणि गिटारऐवजी बँजो दिसण्याची शक्यता बरीच असते. आणि मंचावर सॅक्सोफोन असेल, तर मध्यंतरात एखादा जुना श्रोता कुरकुरतो, ‘हा कशाला?’ ही कुरकुर सत्तर वर्षांची आहे.

न्यू ऑर्लिन्स, १९१७ची पहिली तबकडी, मग शिकागो हा जॅझचा प्रवास परिचयाचा आहे. १९३५नंतर नाचासाठी वाजवणाऱ्या मोठ्या स्विंग बँडांनी बाजार व्यापला, तेव्हा तबकड्या जमवणारी मंडळी जुन्या जॅझच्या पुनरुज्जीवनासाठी मागे वळली. सॅन फ्रान्सिस्कोत तरुणांचा एक बँड उभा राहिला. लुइझियानात दात पडल्यामुळे वादन सोडलेला एक ट्रम्पेटवादक सापडला. त्याला कवळी आणि नवे वाद्य देऊन १९४२मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्याने सांगितलेले जन्मसाल खऱ्यापेक्षा दहाएक वर्षे आधीचे असावे, असे पुढे अभ्यासकांचे मत झाले. म्हातारपणालाही तेव्हा भाव होता!

पण या चळवळीला सोवळे चढले ते इंग्लंडात. १९४३च्या सुमारास लंडनच्या आग्नेय उपनगरातल्या एका पबमध्ये कारखान्यातले कामगार हे जुने जॅझ वाजवू लागले. ब्रिटिश आणि अमेरिकी वादकांच्या संघटनांचा वाद असा, की १९३५पासून १९५६पर्यंत अमेरिकी बँडांना ब्रिटनमध्ये जवळजवळ मज्जाव होता. त्यामुळे तबकडी हाच गुरू. १९२५पूर्वीच्या तबकड्या भोंग्यापुढे वाजवून मुद्रित होत. मोठ्या ढोलाने सुई उडे, म्हणून ढोलवादक लाकडी ठोकळ्यांवर भागवी. नव्या पोरांनी तेच ‘अस्सल’ म्हणून उचलले. यंत्राची अडचण घराण्याची रीत झाली.

त्यातून शब्दांचा गुंता. ‘रिव्हायव्हलिस्ट’ म्हणजे १९२०च्या दशकातल्या शिकागोच्या तबकड्यांना प्रमाण मानणारे. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स कधीच न सोडलेल्या वादकांनाच खरे मानणारे. या दुसऱ्या पंथाचा एक इंग्रज वादक १९५२मध्ये जहाजावर नोकरी धरून थेट न्यू ऑर्लिन्सला पोचला, व्हिसाची मुदत उलटल्यावर तुरुंगात गेला आणि परत पाठवला गेला. परतल्यावर त्याचा शब्द म्हणजे वेदवाक्य. पुढे बाजाराने ‘ट्रॅड’ हे लघुरूप दोघांच्याही गळ्यात बांधले.

१९५३मध्ये रिव्हायव्हल गटातल्या एका नामवंत ट्रम्पेटवादकाने आपल्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन घेतला. बर्मिंगहॅमच्या सभागृहात श्रोत्यांनी फलक फडकवला: ‘घाणेरड्या बॉपरा, घरी जा’. बॉप म्हणजे तेव्हाचे आधुनिक जॅझ, आणि सॅक्सोफोन ही त्याची खूण. खरे तर १९२३मधल्या शिकागोच्या आद्य तबकड्यांपैकी काहींत सॅक्सोफोन आहे, १९२७मध्ये खुद्द न्यू ऑर्लिन्सला मुद्रित झालेल्या बँडमध्येही आहे. म्हणजे फलकवाल्यांचा इतिहास कच्चा होता. आपल्याकडे नभोवाणीने १९४०मध्ये पेटीला बाहेर काढले, त्या वादाची आठवण इथे होते.

१९६०मध्ये इंग्लंडातल्या ब्यूलीच्या जॅझ महोत्सवात ट्रॅडवाले आणि मॉडर्नवाले यांच्यात हाणामारी झाली. तरी पुढची दोन वर्षे ट्रॅडचीच. १९६२मध्ये एका इंग्रज क्लॅरिनेटवादकाची संथ धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तीत हॉट काहीच नव्हते. मग लिव्हरपूलच्या चौघांनी, म्हणजे बीटल्सनी, बाजार उठवला. गंमत म्हणजे ते ज्या तळघरात गाजले, ते १९५७मध्ये जॅझ क्लब म्हणूनच उघडले होते.

मुंबईत पुनरुज्जीवनाची गरजच नव्हती. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात आफ्रिकी-अमेरिकी बँड वाजत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते थेट कानांनी घेतले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात नेले.

नाचावे की बसून ऐकावे, हा दुसरा जुना वाद. ब्रिटनमधले सुरुवातीचे रसिक गंभीरपणे बसून ऐकत. १९४८मध्ये आलेल्या एका ऑस्ट्रेलियन बँडने त्यांना उठवले. आज न्यूयॉर्कमध्ये लिंडी हॉप हा जोडीने करायचा नाच नाचणारी तरुण मंडळीच अशा बँडांचा मोठा आधार आहेत. खुर्च्या असतात, पण कडेला.