केस गळताहेत की तुटताहेत? आधी केसाचं टोक पाहा

कंगव्यात पुंजका दिसला की त्याला आपण एकच नाव देतो, केसगळती. मग कोणी तेल बदलतं, कोणी शाम्पू, कोणी गोळ्या सुरू करतं. पण त्या पुंजक्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे केस असू शकतात. काही मुळासकट सुटून आलेले, काही मधूनच तुटलेले. गळण्याचं कारण बहुतेक वेळा त्वचेखाली, शरीराच्या आत असतं. तुटण्याचं कारण केसाच्या दांडीवर असतं, म्हणजे आपण केसांशी रोज कसं वागतो त्यात. गळणारा केस कंडिशनरने थांबत नाही आणि तुटणारा केस लोहाच्या गोळीने मजबूत होत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी पुंजका उलगडून पाहणं महत्त्वाचं.

कागदावरची तपासणी

विंचरताना निघालेले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर पसरा. केस पिकलेले असतील तर गडद कागद घ्या. खिडकीजवळच्या उजेडात एकेक केस उचला आणि त्याची दोन्ही टोकं पाहा.

मुळाची बाजू कोणती हे कळत नसेल तर केस चिमटीत धरून बोटं आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने सरकवा. एका बाजूला ती अलगद घसरतात, दुसऱ्या बाजूला किंचित खरखर लागते. केसाच्या सालीवर खवल्यांचे 6 ते 10 थर असतात आणि कौलांसारखे ते सगळे टोकाकडे तोंड करून बसलेले असतात. त्यामुळे बोटं ज्या दिशेने अलगद जातात, ती मुळाकडून टोकाकडे जाणारी दिशा.

मुळाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढुरका, कोरडा गोळा दिसला तर तो केस गळलेला आहे. हा गोळा पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. मूळच उपटून आलं, आता तिथे केस उगवणार नाही, असं वाटतं. तसं नसतं. तो गोळा म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या केसाचं बूड. केस जिथे घडतो ती त्वचेतली पिशवी, म्हणजे रोमकूप, जागच्या जागीच असते.

दोन्ही टोकांना गोळा नसेल, केस डोक्यावरच्या केसांपेक्षा बराच आखूड असेल आणि एक टोक बोथट किंवा झाडूसारखं पिंजारलेलं असेल, तर तो तुटलेला. भिंग असेल तर दांडीवर कुठेकुठे पांढरे ठिपकेही दिसतील. ठिपका आहे तिथे केस हलकेच वाकवा. तो तिथेच मोडला तर त्या ठिकाणी साल उडून आतले धागे उसवलेले आहेत. असाच ठिपका कोंड्याचाही वाटू शकतो, पण कोंडा बोटाने सरकतो. लिखेचा ठिपका सरकत नाही, मात्र तो दांडीच्या एका बाजूला चिकटलेला असतो आणि बहुधा टाळूच्या जवळ सापडतो.

गळणं कधी नेहमीचं असतं

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. केस 2 ते 7 वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळून पडतो. त्याच रोमकुपातून नवा केस येतो. एका वेळी 85 ते 90 टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात, उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत. या हिशेबाने दिवसाला 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे.

मोजताना मात्र चूक होते. सुटलेले केस लगेच खाली पडत नाहीत, बाकीच्या केसांत अडकून राहतात, विशेषतः लांब आणि कुरळ्या केसांत. तीन दिवसांनी केस धुतले तर तीन दिवसांचे केस एकदम हातात येतात. दोनशे केस पाहून घाबरण्याआधी मधले दिवस मोजा. केस गळतात म्हणून धुणं लांबवणारे तर स्वतःलाच फसवतात. पुढच्या वेळी पुंजका आणखी मोठा निघतो, आणि साचलेलं तेल नि कोंडा यांनी टाळू खाजते ती वेगळीच.

खरोखर गळती वाढली असेल तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागे न्या. केसाची विश्रांतीच तीन महिन्यांची असल्याने आज गळणाऱ्या केसाला धक्का तेव्हा बसलेला असतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन, एखादं नवं औषध, मोठा मानसिक ताण ही नेहमीची कारणं. मागच्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूवर खापर फोडलं जातं, पण त्याचा यात हात बहुतेक नसतो. अशी गळती डोकंभर सारखी होते आणि कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत ओसरते. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड ही कारणं आपोआप दूर होत नाहीत, ती रक्ततपासणीतच सापडतात. बायोटिनच्या गोळ्यांचा फायदा मुख्यतः शरीरात बायोटिन कमी असेल तरच होतो, आणि तसं क्वचित घडतं. उलट त्या चालू असताना थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना या गोळीबद्दल जरूर सांगा.

तुटण्याची कारणं रोजच्या हातांत

टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला झालेली इजा भरून येत नाही, फक्त पुढची इजा टाळता येते. केस महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतो, म्हणजे 36 सेंटीमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांचं असतं. तीन वर्षांतली प्रत्येक फणी, प्रत्येक टॉवेल, प्रत्येक इस्त्री त्या टोकाने सोसलेली असते. म्हणूनच तुटणं टोकाकडून सुरू होतं.

सर्वांत जास्त नुकसान ओल्या केसांवर होतं. पाणी शिरलं की केस फुगतो, सालीचे खवले उचलले जातात आणि आतली पकड सैल होते. तो सहज ताणला जातो, पण फार ताणला की पहिल्यासारखा होत नाही. त्या अवस्थेत टॉवेलने खसाखसा पुसणं किंवा बारीक दातांची फणी वरून खाली ओढणं म्हणजे साल सोलून काढणंच. त्याऐवजी टॉवेल किंवा जुना मऊ सुती कपडा केसांभोवती दाबून पाणी टिपा. गुंता रुंद दातांच्या कंगव्याने काढा, आणि तोही टोकाकडून. खालची चार बोटं लांबी मोकळी करा, मग वरची चार, असं चढत चढत मुळापर्यंत जा. वरून सुरुवात केली की सगळे लहान गुंते एकाच जागी ढकलले जाऊन घट्ट गाठ बसते, आणि ती ओढून काढताना केस त्याच जागी तुटतो. फार कुरळे केस मात्र कोरडे विंचरू नयेत. कंडिशनर लावलेला असतानाच ओले असताना सोडवले तर ते कमी तुटतात.

शाम्पू टाळूसाठी आहे, कंडिशनर लांबीसाठी. शाम्पू बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळा. धुताना खाली वाहणारा फेस लांबीला पुरतो, केसांचा डोक्यावर गोळा करून चोळायची गरज नाही. कंडिशनर कानाखालच्या भागाला लावा आणि दोन-तीन मिनिटांनी धुऊन टाका. तो उचललेल्या खवल्यांवर पातळ थर धरतो, त्यामुळे केस एकमेकांवर घासत नाहीत आणि गुंता कमी होतो. धुण्यापूर्वी लावलेल्या खोबरेल तेलाचाही उपयोग होतो. ते केसाच्या आत थोडं शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि प्रथिनांची झीज घटते. मात्र हा फायदा दांडीचा आहे. तेलाने गळती थांबेल ही अपेक्षा ठेवू नका. टाळू आधीच तेलकट असेल आणि कोंडा असेल तर तेल टाळूला न लावता फक्त लांबीला लावा.

उष्णतेबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ओल्या केसावर स्ट्रेटनर कधीही फिरवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन दांडीत बारीक बुडबुडे तयार होतात आणि केस तिथे पोकळ होऊन मोडतो. फिरवताना चर्र आवाज आला किंवा वाफ दिसली तर केस अजून ओला आहे. ब्लीचचं नुकसान याहून खोल जातं, कारण ते रंगासोबत केसाला चिवटपणा देणारे आतले बंधही तोडतं. ब्लीच आणि केमिकल स्ट्रेटनिंग एकाच केसावर करणं टाळलेलंच बरं.

रोज एकाच उंचीवर घट्ट रबर बांधलं की तिथल्या केसांचा एक पट्टाच तुटतो. कापड गुंडाळलेलं सैल रबर वापरा आणि बांधायची जागा बदलत राहा. ओढ इतकी की कपाळाजवळ दुखतं किंवा बारीक पुळ्या येतात, अशी वेणी तुटण्यापुरती थांबत नाही. ती मुळांनाही खेचते. वर्षानुवर्षं असं चाललं तर कानशिलांवरचे केस कायमचे जाऊ शकतात. इथे गळणं आणि तुटणं एकाच सवयीतून होतं.

हमखास फसवणारी लक्षणं

भांगाजवळ उभे राहणारे आखूड केस पाहून कोणी म्हणतं नवे आले, कोणी म्हणतं तुटले. टोकं पाहिली की वाद मिटतो. कधीच न कापलेल्या नव्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं, तुटलेल्याचं बोथट किंवा फाटलेलं. एकदम उगवलेले नवे केस साधारण सारख्या उंचीचे असतात. तुटलेले लहानमोठे असतात आणि जिथे रबर, क्लिप किंवा उशी घासते तिथे जास्त दिसतात.

पोनीटेल वर जाड आणि खाली शेपटीसारखा पातळ असेल तर सहसा टोकं तुटत असतात. पण सहा-आठ महिन्यांपूर्वी मोठी गळती होऊन गेली असेल तरी तसंच दिसतं, कारण परत आलेले केस अजून 6-7 सेंटीमीटरचेच असतात. उलट पोनीटेलचा घेर रबराजवळच कमी होत चालला असेल तर गळतीकडे पाहायला हवं.

‘केस वाढतच नाहीत’ ही तक्रारही बऱ्याचदा तुटण्याची असते. केस रंगवत असाल तर मुळाशी बिनरंगाचा पट्टा महिन्याला सुमारे सेंटीमीटरभर वाढतो का ते पाहा. वाढत असेल तर मुळं काम करताहेत, तेवढीच लांबी खालून तुटून जाते आहे. दुभंगलेलं टोक चिकटवणारं क्रीम ते पुढच्या धुण्यापर्यंतच चिकटवतं, म्हणून फाटलेला भाग कापावाच लागतो. कापल्याने वाढीचा वेग बदलत नाही, फाट वर चढणं मात्र थांबतं.

घरी सुटत नाही असं

काही वेळा तुटलेला दिसणारा केस तुटण्याच्या सवयींमुळे तुटलेला नसतो. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा आणि त्याच्या कडेला वर जाड, मुळाशी बारीक असे आखूड केस दिसले, तर ती चाईची खूण आहे. मुलांच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा आणि केस टाळूलगत तुटलेले असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि त्याला सहसा पोटात घ्यायचं औषध लागतं, वरून मलम पुरत नाही. भांग रुंद होत जाणं किंवा कपाळाचे कोपरे मागे सरकणं यात केस दरवेळी आधीपेक्षा बारीक उगवतो, त्यामुळे पुंजका फारसा मोठा नसतानाही विरळपणा वाढतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जाण्याचा सर्वांत जास्त फायदा इथेच होतो. या विरळपणासाठीचं मिनॉक्सिडिल हे औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढलेली दिसू शकते. जुने विश्रांतीतले केस नव्यांना जागा देत असतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर घाबरून अनेकजण औषध सोडून देतात.