कॅरेक्टर शीट आणि तिच्यावरचा अभिप्राय

कॅरेक्टर शीट म्हणजे एखाद्या पात्राचे रूप, वेश आणि हावभाव एका कागदावर पक्के करणारे रेखाटन. चित्रकथेत एकच पात्र पन्नास वेळा काढावे लागते. शीट नसेल तर दहाव्या पानावर नाक लांबते आणि विसाव्या पानावर दुपट्ट्याचा रंग बदलतो. विदर्भातल्या गावांत राहणारे चित्रकार आपली शीट बहुधा मोबाइलवरूनच एकमेकांना दाखवतात आणि दुरुस्त्याही तशाच सुचवतात.

शीटवर पात्र समोरून, पाऊण बाजूने (समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून), पूर्ण बाजूने आणि पाठीमागून असे चार वेळा उभे असते. डोके, हनुवटी, कंबर व गुडघे यांच्या आडव्या रेषा चारही आकृत्यांतून एकाच पातळीवर जातात. उंची डोक्याच्या लांबीने मोजतात: प्रौढ माणूस सुमारे 7.5 डोकी, एक वर्षाचे मूल सुमारे 4. बालपुस्तकासाठी मोठ्या माणसालाही 4 डोक्यांवर आणता येते, मात्र मग तेच प्रमाण शेवटपर्यंत पाळावे लागते. खाली 6 ते 8 हावभाव, हातांचे तपशील आणि रंगांचे चौकोन. आकृती पूर्ण काळी भरूनही पात्र ओळखू आले, तर घडण जमली असे समजावे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्यांचा हात स्मरणचित्राने, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राने, तयार झालेला असतो. तोच माणूस चार बाजूंनी फिरवायची सवय मात्र नसते. पाठीमागची आकृती बहुतेकांची इथेच फसते.

खरी कसोटी कामाच्या खुणांची. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, कापूस वेचणारी बाई साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, कारण वाळलेल्या बोंडाची टोके हात ओरबाडतात. कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची कापडी झोळी, असते. ती भरत जाते तसा भार पुढे ओढतो, म्हणून उभी राहताना ती पाठ थोडी मागे टाकते. ओटी फुगलेली आणि कंबर सरळ काठीसारखी असेल, तर ओटी चिकटवल्यासारखी दिसते. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत (भातखाचरात) रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, करणाऱ्या बाईला हीच ओटी दिली, तर चित्र गावातल्या माणसाला लगेच खोटे वाटते. बैलांचेही तसेच. वर्ध्याकडचा गवळाऊ जातीचा बैल पांढरा-करडा आणि आखूड शिंगांचा. त्याला खिल्लार जातीच्या बैलाची लांब, मागे वळलेली शिंगे लावणे ही नेहमीची चूक, कारण नमुना म्हणून हाताशी असलेली छायाचित्रे बहुधा खिल्लारची असतात.

अभिप्राय शाई लावण्याआधी, कच्च्या रेखाटनावरच मागावा. फोटो ओसरीतल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन कागदाला समांतर धरून काढावा. फार जवळून काढला तर कागदाचा मधला भाग फुगतो आणि धड उगाच मोठे वाटते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि एचबी पेन्सिलीच्या हलक्या रेषा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. स्कॅन असेल तर ए-4 ला 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके), म्हणजे 2480 × 3508 पिक्सेल, पुरेसे. सोबत एक नेमका प्रश्न लिहावा: ‘पाऊण बाजूच्या चेहऱ्याचा जबडा बरोबर बसला का?’ नुसते ‘कसं वाटलं?’ विचारले की ‘मस्तच दादा’ एवढेच उत्तर येते, आणि त्याने चित्र तसूभरही पुढे जात नाही.

पाहणाऱ्याने चित्र आधी आरशासारखे उलटे करावे. कललेले डोळे चटकन दिसतात. मग चित्रकलेच्या अॅपमध्ये मूळ चित्र फिके करून वरच्या लेयरवर (पारदर्शक थरावर) लाल रेषेने दुरुस्ती काढावी. छापील प्रतीवर बटर पेपर ठेवूनही हे होते. क्रम ठरलेला: आधी तोल, मग प्रमाण, मग वेश, रंग शेवटी. पाठीचा कणाच चुकला असेल तर पापण्यांवर बोलण्यात दोघांचाही वेळ जातो. एका वेळी दोन-तीन मुद्दे पुरे.

ज्येष्ठांच्या चित्रावर तरुणांना बोलताना संकोच वाटतो. तिथे प्रश्न उपयोगी पडतो: ‘काका, ओटी भरलेली दाखवायची आहे का?’ काकांना चूक आपोआप दिसते, मानही राहतो.

लाल रेषा गिरवू नये. ती पाहून बाजूला ठेवावी आणि आकृती कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने पुन्हा काढावी. गिरवलेली दुरुस्ती त्यानंतर दुसऱ्या बाजूची आकृती काढताना टिकत नाही.