लशीच्या बाटलीचे तोंड: चार तासांच्या नियमामागची गोष्ट

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टर बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या लशीची, बाटली घेतात. काच तपकिरी, कारण ही लस उजेडाने बिघडते. पावडरीत सलाईन मिसळले की लगेच लेबलवर पेनाने वेळ लिहितात: १०.२०. दुपारचे २.२० वाजले की आत डोस उरलेले असोत, बाटली बाद. बाळाला मांडीवर घेऊन आया बसलेल्या असताना चांगली लस टाकून द्यायची, हे बघवत नाही. मलाही फार खटकायचे. पण या नियमामागे माणसे दगावलेली आहेत, आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या परळपर्यंत येतो.

इंजेक्शनची सुई आली तेव्हापासूनच औषध टिकवायचे कसे हा प्रश्न होता. साध्या बाटलीत भरून बूच लावलेल्या द्रावणात बुरशी धरायची. १८८६ मध्ये स्तानिस्लास लिमुझँ या फ्रेंच औषधनिर्मात्याने काचेच्या छोट्या कुपीत एका वेळेपुरते औषध भरले आणि तिची मान ज्योतीवर वितळवून बंद केली. हीच ॲम्प्यूल. बूचच नाही, त्यामुळे बुचावाटे जंतूंना आत शिरायला वाव नाही. मान मोडली की औषध वापरून संपवायचे. पण गावेच्या गावे टोचायची असतील तर माणसामागे एक कुपी कुठून आणणार?

ती वेळ प्लेगने आणली. १८९६ मध्ये मुंबईत साथ शिरली. जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. दोन वर्षांनी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून लशीच्या बाटल्या दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागल्या. एका बाटलीत अनेकांचे डोस असत.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकही वाचला नाही. १९ही जणांना ‘५३ एन’ या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. खापर परळवर फुटले आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. मात्र चौकशीच्या कागदांतच एक नोंद होती: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी उघडपणे हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. त्यांच्यावर झालेला अन्याय मोठाच होता, पण मुलकोवालच्या त्या १९ जणांची आठवण कुणी काढत नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

बूच न काढता त्यातूनच सुई घालून औषध ओढता आले, तर चिमट्याचा प्रश्न मिटतो. रबरी बुचाच्या बाटल्यांनी ते साधले. पण सुई पुन्हा पुन्हा आत जाते तेव्हा तिच्याबरोबर जंतूही जाऊ शकतात. जानेवारी १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी अशाच एका बाटलीतून २१ मुलांना घटसर्पाची लस टोचली आणि १२ मुले दगावली. त्या बाटलीतून आधीही काही दिवस डोस काढले होते, ऐन उन्हाळ्यात ती थंड जागी ठेवलेली नव्हती आणि लशीत जंतुरोधक नव्हते. आत स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले होते. एकाहून अधिक डोसांच्या अशा बाटलीत जंतुरोधक हवेच, असे तिथल्या चौकशी आयोगाने बजावले.

आजच्या व्हायलचे, म्हणजे लशीच्या बाटलीचे, तोंड जवळून पाहा. वर प्लास्टिकची टोपी असते. ती जागेवर असेल तर बाटली अजून कुणी उघडलेली नाही. तिच्याखाली कडेने आवळलेले ॲल्युमिनियमचे सील, आणि मधोमध सुईसाठी उघडे सोडलेले करडे बूच. हे बूच बहुधा ब्युटाइल जातीच्या रबराचे असते, कारण त्यातून हवा आणि दमट बाष्प नैसर्गिक रबरापेक्षा खूप कमी झिरपते. पावडरीच्या लशीला ओल मुळीच चालत नाही. इंजेक्शनच्या बाटलीची काचही निवडून घ्यावी लागते. साध्या काचेतून अल्कली द्रावणात उतरते, म्हणून नाजूक औषधांसाठी बोरोसिलिकेट काच वापरतात.

पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरच्या एकत्रित) लशीत जंतुरोधक घालता येते, म्हणून उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर २८ दिवसांपर्यंत चालते. बीसीजीत मात्र जिवंत जिवाणू असतात, आणि जंतुरोधक घातले तर तेच मरतील. त्यामुळे एकदा सुई बुचातून आत गेली की त्या लशीला राखणारे आत काहीच उरत नाही. राहतो तो फक्त सिस्टरांनी लेबलवर लिहिलेला १०.२०.